आयएनआर घरी मोजायचं मशीन, चार वर्षं वापरल्यावर

2021च्या दिवाळीत आमच्या घरी सोनं आलं नाही, हे मशीन आलं. रोश कंपनीचं कोॲग्युचेक एक्सएस, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते घरीच सांगणारं. मुलगी बी.फार्मला आहे, तिने हट्ट धरला. मशीन आणि पट्ट्यांची पहिली डबी मिळून माझे शिलाईचे सात-आठ महिन्यांचे पैसे गेले. आता चार वर्षं झाली. अनेकजणी विचारतात, घ्यावं का? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बार्शीत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दहा वर्षांची असताना सांधे सुजून ताप आला होता. त्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप हळूहळू आकसत गेली आणि 2012 साली ती काढून कृत्रिम झडप बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली ही झडप, आपल्या देशातली. या बनावटीची पहिली झडप डिसेंबर 1990मध्ये बसवली गेली. रात्री सगळं निजानीज झालं की तिची टिकटिक मला ऐकू येते. झडपेतल्या फिरत्या तबकडीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ॲसिनोकुमरॉलची गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर.

गोळी कमी पडली तर गुठळी, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. जास्त झाली तर रक्तस्राव. या दोन्हींच्या मधे कुठे आहोत ते आयएनआर सांगतो. रक्त गोठायला नेहमीपेक्षा साधारण किती पट वेळ लागतो, त्याचा हा आकडा. गोळी न घेणाऱ्या माणसाचा 1च्या आसपास असतो. माझा 2.5 ते 3.5 मधे राहायला हवा.

नऊ वर्षं मी महिन्याला एकदा लॅबमधे रक्त देत होते आणि सगळं ठीक चाललं होतं. 2021च्या श्रावणात ते बिघडलं.

सोमवारचे उपास चालू होते. त्यात जुलाब लागले. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या, पाच दिवसांच्या. त्याच आठवड्यात गुडघा दुखत होता म्हणून औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी मागून घेतली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे मी दोघांनाही सांगितलं नाही, आणि दोघांनीही विचारलं नाही. मला वाटलं, पोटाचं औषध पोटाला, हृदयाचं हृदयाला. जेवण तर जवळजवळ बंदच होतं, नुसतं ताक आणि साबुदाण्याची पेज.

चौथ्या दिवशी दात घासताना हिरडीतून रक्त आलं. थुंकी गुलाबी. ब्रश नवा होता, म्हटलं टोचला असेल. पाचव्या दिवशी दंडावर रुपयाएवढा निळा डाग, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. सहाव्या दिवशी संडासला काळं झालं, डांबरासारखं चिकट, आणि वास असा की मलाच कळलं हे साधं नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. नवऱ्याने गाडी केली आणि सोलापूर गाठलं. सत्तर किलोमीटरभर मी एकच गोष्ट बोलत होते, की तयार ब्लाउज कुठल्या पिशवीत कुणाचे आहेत.

दवाखान्यात आयएनआर 7च्या वर निघाला. हिमोग्लोबिन 7.2. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, प्लाझ्मा चढला, आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन अगदी थोड्या मात्रेत. थोड्या मात्रेतच का, तेही तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, "ताई, जास्त दिलं तर उलटं होईल. रक्त एकदम घट्ट होऊन झडपेवर गुठळी धरेल आणि पुढचे काही दिवस तुमची गोळी लागूच पडणार नाही." दुर्बीण घालून बघितलं तर दुखण्याच्या गोळीने जठराला जखम झालेली. एरवी तेवढ्या जखमेतून थोडंसंच रक्त गेलं असतं. माझ्या रक्ताला गोठताच येत नव्हतं.

मुलीने नंतर वहीत आकृती काढून समजावलं. यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीने रक्त गोठवणारे चार घटक तयार करतं. माझी गोळी तिथेच आडवी येते. मेट्रोनिडाझोल त्या गोळीला शरीराबाहेर जाऊ देत नाही, मग रोजचीच मात्रा दुप्पट घेतल्यासारखी होते. उपासामुळे पोटात पालेभाजी नाही, म्हणजे व्हिटॅमिन के नाही. त्यात दुखण्याच्या गोळीने आतून जखम. तीन गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र आल्या. माझी महिन्याची तपासणी त्या प्रकाराच्या बारा दिवस आधीच झाली होती. आकडा होता 2.9. उत्तम.

मशीन घ्यायचं ठरलं ते या बारा दिवसांमुळे.

दुसरं कारण लॅबचं. नाव घेत नाही. मला चालताना धाप लागायची म्हणून घरी येऊन रक्त न्यायचे. एकदा शिरच लवकर सापडेना. निळ्या टोपणाची नळी असते, तिच्यात आधीपासून थोडं औषध असतं आणि रक्त बरोबर खुणेपर्यंतच भरावं लागतं. लॅबचा मुलगा म्हणाला, "थोडं कमी आलंय मावशी, पण चालेल." मला काय कळणार? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला, 4.9. त्या रात्रीची गोळी बंद, पुढची अर्धी. चार दिवसांनी दुसरीकडे तपासलं तर 1.8. नळी अर्धवट भरली तर औषधाचं प्रमाण जास्त होतं आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो, हे तेव्हा कळलं. दवाखान्यातून येऊन दोनच महिने झाले होते. रक्तस्रावाच्या भीतीने गोळी थांबवली आणि झडप चार दिवस उघड्यावर पडली. त्या चार रात्री मी टिकटिक ऐकत पडून राहिले होते, आवाज बदलतोय का म्हणून.

आता मशीनकडे वळते.

जुन्या मोबाइलएवढं आहे, बारीक चार सेल लागतात. पट्ट्यांच्या प्रत्येक डबीबरोबर एक छोटी चिप येते, ती मशीनला लावायची. डबीवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला तरच पुढे जायचं. पट्टी आत सरकवली की ती गरम व्हायला थोडा वेळ घेते, मग थेंबाची खूण लुकलुकायला लागते. तोवर मी हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडा करून खाली लोंबता ठेवते.

बोट कुठलं, हा माझ्यापुरता मोठा प्रश्न होता. उजव्या मधल्या बोटात तुरपाई करताना अंगुस्तान असतं. डाव्या तर्जनीला हूक लावताना इतकी वर्षं सुई टोचत आली आहे, तिथली कातडी जाड आणि बारीक भोकांची झालीय. सुरुवातीला मी तिथेच टोचलं. थेंब नीट येईना, मग मुळापासून दाबत बसले, आणि मशीनने चूक दाखवली. तीन पट्ट्या अशा गेल्या, आणि एक पट्टी म्हणजे आमच्या गावातल्या लॅबच्या तपासणीपेक्षा जास्त पैसे. आता डाव्या अनामिकेची बाजू वापरते, अगदी टोक नाही, नखाच्या कडेजवळचा मऊ भाग. टोचलं की ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब आपोआप फुगतो. तो गोल असतानाच पट्टीच्या कडेला लावायचा. टोचल्यापासून पंधरा सेकंदांत, आणि पहिलाच थेंब. शेजारच्या काकी साखर तपासताना पहिला थेंब पुसून दुसरा घेतात. इथे तसं करायचं नाही, कारण बोटावर रक्त गोठायला सुरुवात झाली की आकडाच बदलतो. थेंब कमी पडला म्हणून वरून दुसरा टाकायचा नाही. बीप वाजतो, पट्टी आपलं काम करते, साधारण मिनिटभरात आकडा.

मिनिट मोठं असतं. मी तेवढा वेळ कापूस दाबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघते. आणि त्या कापसाकडेही. आकडा 3च्या आत असतो तेव्हा दीड-दोन मिनिटांत रक्त थांबतं. दोन वेळा मशीनने 4च्या वर दाखवलं, तेव्हा कापूस बदलावा लागला होता. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण माझं लक्ष असतं.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं, कारण पुस्तिकेतल्या बारीक अक्षरांकडे कुणी बघत नाही. पट्ट्या 2 ते 30 अंशांत ठेवायच्या असतात. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा 42-43ला जातो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. मशीनसुद्धा 32 अंशांच्या वर तपासणी करायला तयार होत नाही. म्हणून मार्च ते जून डबी फ्रीजच्या दारात, झाकण घट्ट लावून, आणि तपासणी पहाटे साडेपाचला, खिडकी उघडून. पट्टी बाहेर काढली की दहा मिनिटांच्या आत वापरायची. झाकण लगेच बंद करायचं, दमट हवेने बाकीच्या पट्ट्या खराब होतात. मुलगी मला यावरून अजून ओरडते.

आकडा किती खरा? पहिल्या वर्षी चार वेळा त्याच दिवशी लॅबमधेही रक्त दिलं. तीन वेळा फरक किरकोळ होता, 3.1ला 2.9, असा. चौथ्या वेळी मशीन 5.6 आणि लॅब 4.7. डॉक्टर म्हणाले, हे असं होणारच. आकडा वर गेला की बोटाच्या रक्तावर चालणाऱ्या मशीनवर तेवढा भरवसा ठेवायचा नाही. आमचा नियम ठरला: 4.5च्या वर दिसलं की त्याच दिवशी शिरेतल्या रक्ताची तपासणी, आणि डॉक्टरांना फोन. मी स्वतः गोळी कमी-जास्त करत नाही. डॉक्टरांचे शब्द, "ताई, मशीन तुमचं, मात्रा माझी." आणि अंगात रक्त फार कमी असेल तरी मशीन चुकतं, म्हणून दवाखान्यातून आल्यावर हिमोग्लोबिन 10च्या वर जाईपर्यंत त्यांनी लॅबचाच आकडा धरला. मशीन विकत घेतानाच हे डॉक्टरांशी बोलून घ्या. ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड नावाचा, रक्तात गुठळ्या होण्याचा आजार आहे त्यांच्या बाबतीतही हा आकडा फसवा असू शकतो.

आता एक गोष्ट बायकांसाठी, जी मला झडप बसवताना कुणी सांगितली नाही आणि मीही कुणाला विचारली नाही. पाळी. गोळी सुरू झाल्यावर माझी पाळी पाच दिवसांची नऊ-दहा दिवसांची झाली. दुसऱ्या दिवशी दर दीड-दोन तासांनी पॅड. दुकानात गिऱ्हाईक असलं की उठता येत नसे, म्हणून खुर्चीवर जुनं गोधडीचं पांघरूण घडी घालून ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या वयाचं आहे, मीही तेच धरून चालले. नऊ वर्षं. हिमोग्लोबिन 8-9च्या पुढे गेलंच नाही, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन दात काळे पडले. हासुद्धा रक्तस्रावच होता. रक्त पातळ करायच्या गोळीमुळे होणारा, दर महिन्याला, आणि माझ्या कागदपत्रांवर त्याची एक ओळ नाही.

मशीन आल्यावर मुलीने सांगितलं, पाळीच्या दुसऱ्या दिवशी बघत जा. सहा महिने वहीत दोन रकाने केले, एकात आकडा, एकात पॅड किती लागले. आकडा 2.5 ते 3.5 मधे असतानाही पॅड तेवढेच. ती वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी हार्मोन सोडणारं साधन गर्भाशयात बसवलं. चार-पाच महिन्यांत पाळी अगदी नाममात्र झाली. हिमोग्लोबिन 11.8. ज्यांना झडप आहे आणि पाळीही येते त्यांनी आपल्या डॉक्टरांना, पुरुष असले तरी, हे स्पष्ट शब्दांत सांगा. लाजू नका. मी नऊ वर्षं लाजले.

खाण्याचं थोडक्यात. हिवाळ्यात आमच्याकडे हरभऱ्याचा पाला, करडई, चाकवत, मेथी, रोज एक पालेभाजी. जानेवारीत माझा आकडा दोन वर्षं सलग 2च्या जवळ उतरलेला दिसला. महिन्यातून एकदा तपासणी होती तेव्हा हे लक्षातच आलं नव्हतं. भाजी बंद करायची नाही, वर्षभर साधारण सारखी खायची, म्हणजे मात्रा त्याप्रमाणे बसते. उपासाचं उलट. आता मी एकादशीला आणि श्रावणी सोमवारी फराळ करते, पण जेवण सोडत नाही. भगवंताला चालतं, मी देवळात जाऊन सांगून आले आहे.

मशीन काय करू शकत नाही तेही लिहिते, कारण आकडा चांगला आला की माणूस निर्धास्त होतो. सोलापूरच्या वॉर्डात माझ्या समोरच्या खाटेवर एक आजोबा होते, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ करायची गोळी घेणारे. मोरीत पाय घसरून डोकं नळावर आपटलं. रक्त आलं नाही, टेंगूळसुद्धा फारसं नाही. चहा पिऊन पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी उलट्या, बोलणं जड झालं, मग स्कॅनमधे कवटीच्या आत रक्त साकळलेलं दिसलं. त्यांच्या सुनेने मला जिन्यात सांगितलं, "आकडा बरोबरच होता हो." डोक्याला मार लागला, अचानक जोरात डोकं दुखायला लागलं, हात-पाय लुळा पडला, काळी संडास, लाल लघवी, किंवा नाकातून रक्त दाबून धरूनही थांबेना, यांत मशीन कपाटातून काढायचंच नाही. आधी दवाखाना. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य, "मी रक्त पातळ करायची गोळी घेते." माझ्या पर्समधे, मोबाइलच्या कव्हरमधे आणि दुकानाच्या ड्रॉवरमधे तसं लिहिलेलं कार्ड आहे. कमरेत इंजेक्शनही मी घेऊ देत नाही, तिथे आत रक्त साकळून गोळा धरतो.

कुणी घ्यावं? ज्यांना जन्मभर गोळी आहे, ज्यांचा आकडा खालीवर होतो, जवळ भरवशाची लॅब नाही, आणि फोनवर मात्रा सांगणारे डॉक्टर आहेत. शेवटचं नसेल तर घेऊ नका, नुसता आकडा बघून काळजी तेवढी वाढेल. तीन-सहा महिन्यांपुरतीच गोळी असेल तर पैसे वाया. आणि अपिक्साबान, रिवारोक्साबान, डाबिगाट्रान या नव्या गोळ्या ज्यांना चालू आहेत त्यांना या मशीनचा काही उपयोग नाही, त्या गोळ्यांचा परिणाम आयएनआरने मोजत नाहीत. "तूही त्या नव्या गोळ्या का घेत नाहीस, रक्त तपासायची कटकटच नको," असं मला सगळे विचारतात. माझ्यासारख्या धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. डाबिगाट्रानची अशा रुग्णांवर चाचणी करून बघितली होती. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून ती मधेच थांबवावी लागली. कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

एक पट्टी महाग आहे, हे खरं. महिन्याला दोन धरल्या तर 24ची डबी वर्षभर जाते. मी दर महिन्याला एका ब्लाउजची शिलाई वेगळी काढून ठेवते, आणि दर तीन महिन्यांनी एकदा लॅबमधे ताडून बघते. आता ज्या लॅबमधे जाते तिथे नळी खुणेपर्यंत भरली की नाही हे मी स्वतः बघते, आणि तिथल्या ताई नळी उजेडात धरून मला दाखवतात.

विकत घेताना पैसे देण्याआधी डबीवरची मुदत वाचा. मला एका दुकानात मुदत संपायला तीनच महिने उरलेली डबी दिली होती, तीही पूर्ण किमतीला. मी ती काउंटरवरूनच परत केली, नऊ दिवस थांबले आणि नवी मागवली.